तो फोटो खंय गेलो?

"बाई, गेल्या वर्सा माझो फोटो काढलात, तो खंय गेलो?"

सकाळचे साडेसात वाजले असतील. रापण ओढून झाली होती, जाळं वाळूवर आलं होतं आणि काकी पेडवे निवडत बसली होती. हाताचा वेग कमी न करता, मान वर न करता तिने विचारलं. मी डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला. तो फोटो मला चांगला आठवत होता. डोक्यावर टोपली, खोचलेलं लुगडं, पाठीमागे फेसाळ पाणी. एका स्पर्धेत तो निवडला गेला होता आणि मुंबईतल्या एका दालनात आठ दिवस भिंतीवर लागला होता. मी तिला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुंबैक लोकांनी बघल्यानी. मी कधी बघतलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात मी माध्यमिक शाळेत शिकवते. त्या सकाळपर्यंत मला फोटो काढायला लागून तीन वर्षं झाली होती. हजारो फोटो कॉम्प्युटरमध्ये होते, आणि ज्या माणसांचे ते होते त्यांच्यापैकी एकाच्याही घरात एकही नव्हता. काकीच्या प्रश्नाला आता सहा वर्षं होतील. या लेखात जे मांडायचं आहे ते सगळं त्या प्रश्नातून निघालेलं आहे.

आपल्याकडे फोटोग्राफी शिकायला सुरुवात करणारी मुलं खूप आहेत. मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे, थोडी ऐपत असली की घरात कॅमेराही येतो. पण वर्ष-दीड वर्षात बहुतेकांची हौस आटते. कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: चांगली लेन्स नाही, शिकवणारं कोणी नाही, वेळ मिळत नाही. मला ही कारणं पटत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की काढलेल्या फोटोची कोणी वाट बघत नसतं, म्हणून हौस आटते. आणि ही गोष्ट त्या एकट्या मुलाची नाही. फोटो कशासाठी काढायचा हे आम्ही, म्हणजे शाळांनी, वाचनालयांनी, गावाने, मुलांना कधी सांगितलंच नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण देते. आंब्याच्या हंगामात दोन वर्षं वडिलांच्या हाताखाली राबून त्याने जुना डीएसएलआर घेतला, सोबत अठरा-पंचावन्न मिलिमीटरची साधी लेन्स. पहिले सहा महिने तो झपाटला होता. तारकर्लीचा सूर्यास्त, देवबागचा संगम, मालवण जेटीवरून दिसणारा सिंधुदुर्ग, पावसातले धबधबे. इन्स्टाग्रामवर टाकायचा, दोनशे-तीनशे लाईक यायचे. मग त्याच्या लक्षात आलं की तोच सूर्यास्त, त्याच जागेवरून, त्याच्यापेक्षा महागड्या कॅमेऱ्याने काढलेला रोज शंभर जण टाकतात. लाईक कमी झाले. त्याला वाटलं, लेन्स कमी पडते. घरात पैशांवरून वाद झाला. पुढच्या जूनमध्ये कॅमेरा कपाटात गेला आणि श्रावणात बाहेर काढला तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलेली होती. कोकणातला पाऊस बंद कपाटातल्या काचेला सोडत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. पण बुरशी धरली ती आठ आठवडे कॅमेरा कोणी उघडला नाही म्हणून, आणि उघडावा असं काही कारण त्याच्यापाशी उरलंच नव्हतं.

सूर्यास्ताबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण आमच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो आणि बरेच जण तिथेच संपतात. आमचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य पाण्यात उतरतो, आकाश रंगतं, आणि कॅमेरा त्या दिशेला रोखला की प्रकाश थेट समोरून येतो. मध्ये माणूस उभा असेल तर त्याची नुसती काळी आकृती येते. वल्हं मारणारा काळा, जाळं फेकणारा काळा, डोक्यावर टोपली घेऊन चाललेली बाई काळी. चेहरा कोणालाच नाही. फोटो देखणा दिसतो, कारण आकार स्वच्छ येतो आणि रंग भरपूर असतात. पण तो माणूस कोण, हे त्याच्या सख्ख्या भावालाही ओळखता येणार नाही. कोकण म्हणून जे जगाला दाखवलं जातं त्यात निम्मी माणसं अशी बिनचेहऱ्याची आहेत. बाहेरच्याने तसं पाहिलं तर मी समजू शकते. आमचीच मुलं आपल्या आत्याला, आपल्या शेजाऱ्याला तशी बघायला शिकतात, याचा मला त्रास होतो.

सकाळी याच किनाऱ्यावर उलटा प्रकाश असतो. सूर्य सह्याद्रीवरून चढतो, माडांच्या शेंड्यांवरून तिरपा येतो आणि पाण्यातून वर, जमिनीकडे चालत येणाऱ्या माणसाच्या तोंडावर पडतो. मासे घेऊन वर येणाऱ्या बायकांचे चेहरे त्या वेळी उजळलेले असतात. कपाळावरचं कुंकू, मिठाने पांढुरकी झालेली भुवई, नाकातली चमकी, सगळं दिसतं. त्यासाठी साडेसहाला किनाऱ्यावर असावं लागतं, म्हणजे रापणकरांच्या वेळेला. त्यांचं काम त्याच्या आधीपासून सुरू असतं. होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ करून परत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग पंचवीस-तीस माणसं दोन रांगांत दोर ओढतात. तास-दीड तास. शेवटी वाटे पडतात, दोराला हात लावणाऱ्याला त्याचा वाटा मिळतो. एका सकाळी माझ्याही हातात कोणीतरी चार बांगडे ठेवले. मी दोर ओढला नव्हता. "फोटो काढल्यास मां," म्हणाले. काकीच्या प्रश्नानंतरची ही गोष्ट आहे. तोवर मी फोटो छापून परत नेऊन द्यायला लागले होते.

तंत्राकडे मी खऱ्या अर्थाने वळले तीही या परत देण्यामुळेच. पहिल्यांदा बारा जणांचे फोटो छापून नेले. चार बाय सहाच्या प्रती, तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत काढलेल्या. सगळे जमले, फोटो हातोहात फिरले, आणि एक आजोबा आपला फोटो डोळ्याजवळ नेत म्हणाले, "माझा तोंड खंय हा ह्याच्यात?" खरंच नव्हतं. वाळू छान आली होती, होडीवरचे रंग छान आले होते, आणि आजोबांचा चेहरा मात्र काजळीसारखा झाला होता.

असं का होतं ते मी त्यानंतर महिनाभर वाचत राहिले. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. सुमारे अठरा टक्के प्रकाश परावर्तित करणारा करडा. चकचकीत पांढरी वाळू समोर आली की त्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो सगळंच गडद करतो. वाळू करडी होते आणि आधीच सावळा असलेला चेहरा काळा पडतो. पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या जांभ्याच्या गडग्यासमोर याच्या उलट होतं, तो उगाच सगळं उजळवतो. यंत्राला वाळू आणि माणूस यातला फरक कळत नाही. तो काढणाऱ्याने ठरवायचा असतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्यायचा, वाळू थोडी पांढरीफटक झाली तरी चालेल, आजोबांचे डोळे दिसले पाहिजेत. मीटरबद्दल मी आधीही कुठेतरी वाचलं होतं, पण ते डोक्यात राहिलं नव्हतं. ज्या दिवशी एका माणसाने स्वतःचं तोंड शोधलं आणि त्याला ते सापडलं नाही, त्या दिवसापासून मी ते विसरलेले नाही.

याला एक मोठा इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुना कार्ड पाठवायची. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे, आणि तिची त्वचा नीट दिसली की रंग बरोबर जमले असं धरलं जाई. कितीतरी दशकं जगभरातल्या सावळ्या माणसांचे फोटो एका गोऱ्या चेहऱ्याच्या मापाने छापले गेले. आमच्या घरातल्या जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरी तेवढी दिसते आणि मागे उभे असलेले काका-मामा अंधारात बुडलेले असतात. मला लहानपणापासून वाटायचं की फोटो काढणाऱ्याला फ्लॅश नीट मारता आला नाही. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता.

आणखी मागे गेलं तर दुसरी गोष्ट दिसते. फोटोग्राफीचा शोध १८३९ साली जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात मुंबईत फोटो काढत होते. म्हणजे ही कला आपल्याकडे परकी किंवा कालपरवाची नाही. पण त्याच काळात साहेबाने एक मोठा उद्योग केला. १८६८ ते १८७५ या वर्षांत हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड लंडनहून प्रसिद्ध झाले. माणसं उभी करायची, फोटो घ्यायचा, खाली जातीचं किंवा जमातीचं नाव लिहायचं. बहुतेकांचं स्वतःचं नाव कुठेच नाही. तो माणूस नमुना म्हणून पुस्तकात गेला. आज आमच्या काकीचा फोटो कुणीतरी 'कोळीण, कोकण' अशी ओळ लिहून टाकतो, तेव्हा तो दीडशे वर्षांपूर्वीचंच काम पुढे चालवत असतो. शिवाय ती कोळीण नाही, गाबित आहे. एवढं विचारायलाही कोणी थांबत नाही. स्पर्धेला पाठवताना मीही त्या फोटोला 'कष्टाची पहाट' असं नाव दिलं होतं. तिचं नाव फॉर्मवर लिहायला जागा नव्हती आणि मला ते सुचलंही नव्हतं.

माझ्या माहेरच्या घरी एक फोटो आहे. आजोबा परळच्या एका स्टुडिओत उभे आहेत, मागे पडद्यावर रंगवलेला जिना, हातात बहुधा उसनं घेतलेलं घड्याळ. मागच्या बाजूला निळ्या शाईत लिहिलंय: 'सौ. हिस, तब्येत बरी आहे. १९६२.' गिरणीत लागल्यावर पहिल्या बोनसमधून काढून त्यांनी तो गावी पाठवला. आजी लिहायला-वाचायला शिकली नव्हती. मागची ओळ तिने शेजारच्या मुलाकडून वाचून घेतली आणि मग तिला ती पाठ झाली. आमच्या कोकणात घराघरांत असे फोटो आहेत, कारण घराघरांतून कोणी ना कोणी मुंबईला गेलेलं होतं. दिसणं हेच खुशालीचं पत्र होतं. फोटो कोणासाठी काढायचा हा प्रश्न त्या काळी पडतच नव्हता. वाट बघणारं माणूस आधी असायचं, फोटो त्याच्या मागून यायचा.

आज काय स्थिती आहे ते कोणाच्या घरी दुःखाचा प्रसंग आला की कळतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एक आजी गेल्या. बाराव्याला फोटो लावायचा म्हणून शोधाशोध सुरू झाली. तीन मुलगे, सहा नातवंडं, घरात पाच मोबाईल. आजींचा एकटीचा, समोरून, नीट काढलेला एकही फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डवरचा फोटो मोठा करून आणला. भिंतीवर आज तोच आहे: ठिपके ठिपके झालेला, डोळे ताणलेले, सरकारी खुर्चीत बसवून घाईने घेतलेला. ऐंशी वर्षं जगलेल्या बाईचा उरलेला चेहरा तो. त्याच नातवंडांच्या मोबाईलमध्ये समुद्राचे शेकड्यांनी फोटो आहेत.

म्हणून मी म्हणते की हा सार्वजनिक प्रश्न आहे. एका पिढीच्या हातात माणसाच्या इतिहासातलं सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपं चित्र काढण्याचं साधन आलं, आणि त्या पिढीला आपल्या आजीकडे बघायला कोणी शिकवलं नाही.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. फोटोग्राफी ही कला आहे, तिला समाजसेवेच्या दावणीला का बांधता? मुलाला स्वतःला काय दिसतं, काय वाटतं ते काढू दे ना. मला कलेबद्दल पूर्ण आदर आहे, आणि मला एकटीलाच भावतील असे कितीतरी फोटो मीही काढते. पण 'स्वतःला काय दिसतं' हे आपोआप उघडत नाही. ते उघडायला एका गोष्टीकडे परत परत जावं लागतं.

रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर कोरलेली, कातळशिल्पं घ्या. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे आणि आमच्या मालवण तालुक्यातलं कुडोपी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याआधी वर्षानुवर्षं गुराख्यांच्या आणि गावकऱ्यांच्या पायाखाली ती होतीच. मी कुडोपीला पहिल्यांदा भर दुपारी गेले. उन्हात सगळा कातळ सपाट दिसत होता. माहितगार माणूस बोट दाखवत होता, "हो बघा, हय हात, हय पाय," आणि माझ्या कॅमेऱ्यात तपकिरी दगडाशिवाय काही येत नव्हतं. उथळ कोरलेली रेघ दिसायला प्रकाश आडवा यावा लागतो. चौथ्या खेपेला संध्याकाळी साडेपाचला मी तिथे बसून होते. ऊन जसजसं खाली येत गेलं तसतशी प्रत्येक रेघेत सावली भरत गेली, आणि दहा मिनिटांत एक अख्खी आकृती माझ्या पायापाशी उभी राहिली. मग ऊन गेलं आणि ती पुन्हा दगडात मिटली. चौथ्या खेपेला मी गेले, कारण त्या माहितगार माणसाला मी फोटो द्यायचं कबूल केलं होतं. त्याला तो आपल्या मुलाच्या शाळेत लावायचा होता. नसतं कबूल केलं तर पहिल्या दुपारनंतर 'काही खास दिसत नाही' म्हणून मी ते सोडून दिलं असतं. दिलेला शब्द माणसाला पुन्हा त्याच जागेवर नेतो, आणि डोळा तिथे तयार होतो. कलेला याने कमीपणा येतो असं मला वाटत नाही. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढत राहिलेल्या सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो जवळिकीने काढलेले आहेत आणि थोर कलाही आहेत.

दुसरा आक्षेप पर्यटनाचा. सुंदर किनाऱ्यांच्या फोटोंवर आमच्याकडे कितीतरी चुली पेटतात: होमस्टे, खानावळी, बोटिंग, स्कूबा. तो फोटो थांबवा असं मी म्हणणार नाही. माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांची फी त्यातून येते. पण किल्ल्याच्या फोटोकडे बघा. २०२५ च्या जुलैत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले आणि तटबंदीचे ड्रोनने घेतलेले फोटो घरोघरी पोचले. सिंधुदुर्गाच्या आत आजही वस्ती आहे. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात तेव्हा तिथे काय चालतं, हे दाखवणारा फोटो मी फारसा पाहिलेला नाही. आकाशातून दिसणारा निळा समुद्र आता कॉम्प्युटरला सांगितला की तोही काढून देतो, घराबाहेर पडायचीही गरज नाही. ते काम यंत्राकडे गेलं तर जाऊ दे. त्या तटाच्या आत दिवा लावणारी बाई कोण, हे मालवणातलं पोरच जाऊन विचारू शकतं.

आणि काही ठिकाणी तर कॅमेरा खिशातच ठेवायचा असतो. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघतात तेव्हा समोरच्या उजेडाच्या खुणेने समुद्राकडे जातात. तिथे फ्लॅश मारला तर ती भरकटतात. दशावताराच्या रंगपटात, म्हणजे नाटकाआधी नट रंगतात तिथेही तेच. देवळाच्या कोपऱ्यात लहानसा आरसा मांडीवर घेऊन राजा स्वतःच्या तोंडाला रंग लावत असतो, आणि रंग लावता लावता तो हळूहळू दुसराच कोणी होत जातो. एकदा मी त्या क्षणी फ्लॅश मारला. त्यांचा हात थांबला, भुवईची रेघ वाकडी गेली. ते काही बोलले नाहीत, पुसून पुन्हा काढायला लागले. त्या रात्री मी पुढे एकही फोटो काढला नाही. पुढच्या जत्रेला नुसती जाऊन बसले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनीच सांगितलं, "बाई, येवा, हय बसा, हयसून बरो दिसता." तिथून फ्लॅशशिवाय, एका बल्बच्या उजेडात काढलेला फोटो माझ्या आयुष्यातल्या दोन-तीन बऱ्या फोटोंपैकी एक आहे. ती जागा मला त्यांनी दिली.

मग करायचं काय? मला फार मोठं काही मागायचं नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेने नववीच्या मुलांना वर्षभरासाठी एक काम द्यावं: आपल्या वाडीतल्या प्रत्येक घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचा एक फोटो. मोबाईलने चालेल. आधी विचारायचं, नको म्हणाले तर नको. खिडकीजवळ किंवा पडवीत बसवायचं, बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावर घ्यायचा, पाठीमागे लखलखीत अंगण येऊ द्यायचं नाही. दोन प्रती छापायच्या, एक त्या घरी, एक गावाच्या वाचनालयात. मागे नाव, वाडी, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव. आपल्या जिल्ह्यांत वाचनालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. पुस्तकांइतकीच काळजी घेऊन गावाचे चेहरे ठेवायला वाचनालयासारखी दुसरी जागा नाही. दमट हवेत काचेला चिकटलेले फोटो सोडवताना चेहराच निघून येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून प्रती कागदाच्या पाकिटात, कोरड्या लोखंडी कपाटात हव्यात, आणि मूळ फाईल दोन ठिकाणी. ग्रामपंचायतीने छपाईचा खर्च उचलावा. एका प्रतीला दहा-पंधरा रुपये लागतात. स्वागत कमानीवर आपण यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करतो.

आमच्या शाळेत हे गेली चार वर्षं आम्ही करतोय. कॅमेरा कपाटात ठेवून दिलेला तो विद्यार्थी आता शिक्षण संपवून गावातच आहे, दर रविवारी येतो आणि मुलांना खिडकीचा उजेड शिकवतो. लेन्स त्याने साफ करून आणली. थोडा डाग राहिलाय, फोटोत दिसत नाही. लेन्स बदलायची गोष्ट त्याने त्यानंतर माझ्याकडे काढलेली नाही. मागच्या महिन्यात त्याचा प्रश्न वेगळाच होता: एका आजोबांना कंपवात आहे, हात हलतात, फोटो हललेला येतो, काय करू? आम्ही दोघांनी बसून त्यावर विचार केला. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाला नेलं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढवला, फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत म्हटलं. मग तोच म्हणाला, एक फोटो हात हललेलाही ठेवूया, घरच्यांना त्यांचा हात तसाच आठवणार आहे. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

काकीचा फोटो तिच्या घरात लागलाय. स्पर्धेतला मी छापून नेला तेव्हा तिने बघितला आणि बाजूला ठेवला. "ह्यात मी दमलंय," म्हणाली. तिला दुसरा हवा होता, नवी साडी नेसून, तुळशीपाशी. तो तिने माझ्याकडून तीनदा काढून घेतला. पहिल्यात वृंदावन अर्धं कापलं गेलं, दुसऱ्यात तिचे डोळे मिटले.

वाचनालयातल्या कपाटात आता तीनशे एकोणीस पाकिटं आहेत. त्यांतल्या एकावर नाव नाही. पहिल्या वर्षीच्या एका मुलीने बंदरावर काढलेला फोटो आहे, उलट्या केलेल्या होडीला टेकून बसलेले एक गृहस्थ, कानावर विडी. मुलगी नाव विचारायला विसरली आणि नंतर ते कोणाला दिसले नाहीत. कोणी म्हणतं देवगडकडचे खलाशी असावेत, कोणी म्हणतं वेंगुर्ल्याहून कोणाकडे तरी पाहुणे आले होते. ती मुलगी आता बारावीला आहे. येत्या आठवड्यात आचऱ्याच्या बाजाराला फोटोची एक प्रत घेऊन जाते म्हणाली, तिथे दोन्हीकडची माणसं येतात.